टेस्टरकाका

टेस्टरकाका गेले, त्यांच्या तेराव्यानंतरच्या रविवारी सोसायटीच्या ऑफिसात सगळे जमले होते. प्लास्टिकच्या खुर्च्या, टेबलावर फोटो, फोटोला हार. सेक्रेटरी मला म्हणाले, "तू बोल गं दोन शब्द. तुझ्याइतकं त्यांना कोण ओळखत होतं?" मी म्हटलं, माझा घसा बसलाय. घसा ठणठणीत होता. पण बोलायला उभी राहिले असते तर तोंडातून जे निघालं असतं ते हार घातलेल्या फोटोसमोर बोलायचं नसतं, एवढी अक्कल मला आहे. मग बाकीचे बोलले. देवमाणूस होता, परोपकारी होता, कोणाच्याही हाकेला धावायचा. मी मान खाली घालून चहा प्यायले आणि घरी आले.

तेव्हा बोलले नाही ते आता लिहिते. खोटं लिहिणार नाही. चांगलं होतं तेही लिहीन, कारण होतं. पण राग माझा आहे आणि तो अजून तसाच आहे.

आमची बिल्डिंग घाटकोपर पूर्वेला, चार मजली, लिफ्ट नसलेली. मी पहिल्या मजल्यावर, ते तळमजल्यावर. लोक शर्टाच्या ज्या खिशाला पेन लावतात त्या खिशाला यांचा टेस्टर असायचा, पिवळ्या मुठीचा. लग्नाला निघाले की इस्त्रीचा शर्ट, त्यालाही टेस्टर. शेजारच्या आजी वारल्या तेव्हा खांदा द्यायला आले तेही टेस्टर लावून. टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं फॉल्ट शोधायचं काम केलेलं. रस्त्यातल्या खड्ड्यात उतरायचं, तारांच्या जुडग्यातून मेलेली तार हुडकायची, जोडायची, वर यायचं. तोवर वर ठेवलेला चहा गारढोण. त्यामुळे पुढे आयुष्यभर ते चहा थंड करूनच प्यायचे. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा कप समोर ठेवून वीस मिनिटं नुसते बघत बसले. मला वाटलं, चहात माशी पडली.

गाव मालवणकडचं. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. घरात इंटरनेट नव्हतं, हे सांगितलं की लोकांना खरं वाटत नाही. एक जुना लाल टेलिफोन होता, लाइन चालू ठेवलेली. रोज आंघोळ झाली की रिसीव्हर उचलून कानाला लावायचे, डायल टोन ऐकायचे, ठेवून द्यायचे.

"कोणाला लावता काका?" मी एकदा विचारलं.

"कोणाला नाय गो. चालू आहे ना, ता बघतंय."

त्या फोनची घंटा वाजलेली मी तरी कधी ऐकली नाही.

त्यांचा एक प्रश्न ठरलेला होता. तुम्ही काहीही रड घेऊन जा, मिक्सर बंद पडला, पोराला ताप आला, सुनेशी भांडण झालं, ते आधी विचारणार, "त्याच्या आधी काय केलंस?" डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, साखर वाढली आहे. यांनी डॉक्टरांनाच विचारलं, "त्याच्या आधी काय झालं?" डॉक्टर म्हणाले, आजोबा, ते तुम्ही सांगायचं. यावर आठ दिवस खूश होते, की डॉक्टरला एवढं साधं कळत नाही.

आणि एका गोष्टीची भयंकर चीड. नेट गेलं की माणूस काय करतो? राउटर बंद करतो, चालू करतो. कंपनीला फोन लावला की तिथली मुलगीही तेच सांगते. हे ऐकलं की काका लाल व्हायचे. "बंद करून चालू केलंस? म्हणजे पुरावा पुसलास! आता मी काय बघू, तुझं तोंड?" त्यांच्या धाकानं मी राउटरला हात लावायची बंद झाले. नेट गेलं की लहान मुलासारखी राउटरसमोर हाताची घडी घालून उभी राहायचे आणि दिवे मोजायचे.

आता माझं सांगते, म्हणजे हे सगळं हसण्यावारी का नेता येत नाही ते कळेल.

आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं पाच-सहा शब्दांवर आलं. घरात आम्ही दोघीच. वडील मी नववीत असताना गेले. मी तेव्हा हॉस्पिटलांचे क्लेम तपासणाऱ्या एका कंपनीत होते. हातापाया पडून घरून काम करायची परवानगी मिळवली, खास केस म्हणून. सगळ्या ऑफिसात एकटीला. अट एकच, नऊ ते सहा लाइन चालू पाहिजे. लाइन तुटली की त्यांच्या सिस्टमवर लाल पट्टी उमटायची आणि महिन्याला ठरावीक पट्ट्यांच्या वर गेलं की परवानगी रद्द. परवानगी रद्द म्हणजे ऑफिसात जा, आणि ऑफिसात जा म्हणजे आईला कुलूप लावून जा. ते मला जमणार नव्हतं. म्हणजे नोकरी सोडणं आलं. मोबाइलचं नेट त्यांना चालत नव्हतं, सिक्युरिटी का काय ते.

आणि जून उजाडला तसं आमचं नेट जायला लागलं. कधी वीस मिनिटं, कधी तीन तास. कधी दोन दिवस काही नाही, मग एका दिवसात चारदा. काही ताळतंत्र नाही. फक्त दिवसा. संध्याकाळी सगळे घरी आले की झकास चालू. त्यामुळे बिल्डिंगमध्ये कोणाला पत्ताच नाही. दिवसा घरात बसून नेट वापरणारी मी एकटी. केबलवाल्याचा माणूस यायचा तोही संध्याकाळी, बघायचा, म्हणायचा, "मॅडम, सगळं ओके आहे." राउटर बदलला. वायर बदलली. उंदरांना दोष दिला. आमच्या टीम लीडरचे मेल यायला लागले. माझ्याहून दहा वर्षांनी लहान पोरगा, फोनवर म्हणायचा, "मॅडम, मी समजू शकतो, पण सिस्टमला समजत नाही ना." यार, सिस्टमला कशाला समजेल? तुला समजत असेल तर तू सांग ना!

अशी रडकुंडीला आलेली मी एका दुपारी जिन्यात काकांना भेटले. म्हणाले, "काय झाला?" मी सांगितलं. त्यांनी खिशातला टेस्टर काढून परत लावला, पेन झटकतात तसा, आणि म्हणाले, "चल, दाखव."

तिथून ते सुरू झालं. त्यांनी एक लांब रजिस्टर उघडलं. तारीख, वेळ, किती मिनिटं, राउटरवर कुठला दिवा विझला, पाण्याचा पंप चालू की बंद, हवा कशी. दोन आठवडे त्यांचा संशय पंपावर होता. वॉचमनला दम देऊन त्यांनी दुपारचा पंपच बंद ठेवला. टाकी रिकामी, बायका बादल्या घेऊन खाली, सेक्रेटरी ऑफिसातून फोनवर ओरडतायत, आणि हे शांतपणे रजिस्टरमध्ये लिहितायत, "पंप बंद. तरी लाइन गेली. पंप निर्दोष." सगळ्या बिल्डिंगच्या वायरींना त्यांनी चिठ्ठ्या बांधल्या. लग्नपत्रिकांचे जाड कागद कापून, दोऱ्यानं, प्रत्येकीवर घराचा नंबर. कुठल्याशा वधूवरांची अर्धी नावं अजून आमच्या जिन्यात लोंबकळतायत.

एक दिवस नेट गेलं आणि काकांनी मोहीमच काढली. चौथ्या मजल्यावर, जिन्याच्या माथ्याला, केबलवाल्याचा करड्या पत्र्याचा डबा आहे. सगळ्या घरांच्या वायरी तिथून निघतात. काका स्टुलावर चढून तिथे, आणि मी खाली आमच्या दारात, राउटरवर डोळे लावून. मोबाइलवर बोलायचं नाही म्हणाले, कामात आवाज मोकळा पाहिजे.

"आली?" वरून हाक.

"नाही!"

"आता?"

"नाही!"

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी दार उघडलं. "कोण यायचंय गं? पाहुणे आहेत का?"

"नेट, वहिनी!"

"मग आली काय म्हणतायत? नेट येतो की येते?" असं म्हणून त्या तिथेच कठड्याला टेकून उभ्या राहिल्या, निकाल ऐकायला. पाऊण तास हे चाललं. तेवढ्यात चौथ्या मजल्यावरच्या काकू भाजीची पिशवी घेऊन धापा टाकत वर गेल्या. वरून त्यांचा आवाज आला, "जरा स्टूल सरकवा हो, दार उघडायचंय." दार उघडलं, लागलं. आणि मिनिटाभरात माझ्या राउटरचा दिवा हिरवा.

"आली! काका, आली!"

काकांच्या हातात तेव्हा एक वायर होती. तीच दोषी ठरली. तिचं टोक कापून नवीन बसवलं, लाल कागदाची चिठ्ठी बांधली, आणि खाली येऊन आईच्या पलंगाशी बसून सगळी हकिगत सांगितली, "काय वयनीनू, धरलंय की नाय चोराक!" आई हसली. झटक्यानंतर ती हसायची बंद झाली होती. तोंड वाकडं होतं याची तिला लाज वाटायची. त्या दिवशी हसली. हे मी विसरलेले नाही आणि विसरायचं म्हटलं तरी जमत नाही.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला नेट गेलं.

माझी रोजची एक चिठ्ठी असायची. दिवसभरात किती वाजता लाइन गेली, किती वाजता आली. सहाला काम संपलं, आईचा चहा झाला की मी ती घेऊन खाली त्यांच्याकडे. ते चष्मा लावून रजिस्टरमध्ये उतरवून घ्यायचे. मग दोन कप चहा, माझा गरम, त्यांचा सकाळचाच. बशीत खाजं नाहीतर चिवडा. पहिले काही दिवस ते बनियनवर असायचे, पुढे पुढे सहाच्या सुमाराला इस्त्रीचा शर्ट दिसायला लागला. मी लक्ष दिलं नाही. अर्धा तास बसायचे मी. ते खड्ड्यांच्या गोष्टी सांगायचे, कुठल्या खड्ड्यात गळ्यापर्यंत पाणी होतं, कुठल्या साहेबाला फसवलं. खरं सांगते, मला आवडायचं ते. दिवसभर आजारी माणसाजवळ आणि स्क्रीनसमोर काढल्यावर कोणीतरी "बस गो चेडवा" म्हणतंय, एवढंही मला तेव्हा खूप होतं. म्हणूनच तर जास्त लागलं.

ऑगस्टमध्ये मला दुसरा रस्ता सापडला होता. आमच्या सोसायटीनं एकाच केबलवाल्याला आत घेतलेलं, पण दुसरी एक कंपनी माझ्यापुरती वायर टाकायला तयार झाली. सेक्रेटरी सही द्यायला राजी होते. मी कागद घेऊन काकांना दाखवायला गेले. ते नाराज झाले. "फॉल्ट न शोधता लाइन बदलायची? उद्या ती गेली की तिसरी टाकशील? थांब. मी काढतंय. जवळ आलोय." मी थांबले. कागद ड्रॉवरमध्ये टाकला. पुढच्या महिन्यात सोसायटीची कमिटी बदलली आणि नवीन कमिटीनं बाहेरच्या वायरींना सरसकट बंदी घातली. झालं, वाट लागली.

त्यांना माहीत नव्हतं का, माझं काय पणाला लागलंय ते? चांगलं माहीत होतं. पहिली वॉर्निंग आली तेव्हा मी त्यांच्यासमोर रडले होते. दुसरी आली तेव्हा मेल त्यांना वाचून दाखवला. शब्द न् शब्द मराठीत करून सांगितला. म्हटलं, "काका, अजून एक आली की संपलं. मग आईचं काय करू मी?" ते म्हणाले, "होतला गो सगळा. घाबरू नको." आणि रजिस्टर उघडून त्या दिवसाच्या वेळा उतरवून घेतल्या.

तिसरी वॉर्निंग दिवाळीनंतर आली. आठ दिवसांनी कंपनीचा माणूस लॅपटॉप न्यायला आला. मी त्याला पाणी दिलं, सही केली, लॅपटॉप दिला. आई पलंगावरून बघत होती. तिला काय कळलं कोण जाणे, डावा हात वर करून मला जवळ बोलावलं आणि केसांवरून फिरवत राहिली. मी तिच्या उशीत तोंड खुपसून हमसाहमशी रडले.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी असेल. आईच्या चादरी वाळत घालायला मी गच्चीवर निघाले होते. चौथ्या मजल्यावर पोचले तर काकूंचं दार उघडं, त्या चपला घालत होत्या. मुलीकडे विक्रोळीला निघालेल्या. नातवाला सांभाळायला त्या अधूनमधून जायच्या, मुलीचा फोन येईल तेव्हा. माझ्याशी बोलता बोलता त्यांनी आत हात घातला आणि दाराशेजारच्या भिंतीवरचा मेन खाली ओढला. टक्. आणि माझ्या डोक्यावरच्या करड्या डब्याच्या जाळीतून जे हिरवे दिवे लुकलुकत होते ते सगळे एकदम विझले.

मी चादरींची बादली खाली ठेवली.

"काकू, हे काय केलंत?"

"मेन बंद केला. का गं?"

"रोज करता?"

"घराबाहेर पडताना गॅस बंद, मेन बंद. आमच्या ह्यांनी लावलेली शिस्त, मिलमध्ये होते ना. भाजीला गेले तरी करते. दोन तासांनी फ्रीजमधलं काही नासत नाही."

मग हळूहळू सगळं निघालं. आधीच्या केबलवाल्यानं त्या डब्याला वीज घ्यायची कुठून म्हणून काकूंच्या घरातून वायर ओढली होती. त्या बदल्यात त्यांना केबल फुकट. तो केबलवाला धंदा विकून गेला, नवीन आला त्याला ठाऊक नाही, काकूंना आठवण नाही. काकू बाहेर गेल्या की डबा बंद, डबा बंद की बिल्डिंगचं नेट बंद. बस, एवढंच. एवढ्यासाठी माझी नोकरी.

मी डोक्याला हात लावून पायरीवर बसले. काकू घाबरल्या. म्हणाल्या, "अगो, पण मला काय माहीत? टेस्टरकाकांनी विचारलं होतं की मला. गणपतीच्या आधी आले होते, जाता-येता मेन बंद करता का म्हणून. मी म्हटलं, हो, करू नको का? तर म्हणाले, नाही नाही, चांगली सवय आहे, सोडू नका."

मी दोनदा विचारलं. काकूंनी दोन्ही वेळा तेच सांगितलं.

बादली तिथेच टाकून मी चार मजले उतरले. काकांचं दार उघडंच होतं. दुपारची वेळ, ते खाटेवर बसून दोरा गुंडाळत होते.

"चौथ्या मजल्यावरचं तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी वर बघितलं. "बस."

"बसायला नाही आले. माहीत होतं की नव्हतं?"

ते उठले, फळीवरून रजिस्टर काढलं, पान उघडून माझ्या हातात दिलं. गणपतीच्या आदल्या शनिवारची तारीख. त्याखाली त्यांच्या त्या सुबक अक्षरात, "फॉल्ट मिळाला. ४था मजला, मेन स्विच. लाइन निर्दोष." खाली लाल शाईची रेघ. आणि त्याच्यापुढे रविवार सोडून रोजच्या नोंदी. माझ्या चिठ्ठ्या. माझ्या वेळा. मिनिटांसकट.

टेलिफोनच्या तारेला वीज लागत नाही, तिची ताकद एक्सचेंजमधूनच येते, म्हणून अडीच महिने तारा हुडकल्या आणि डब्याला करंट आहे का हे बघायचं सुचलंच नाही, असं ते सांगायला लागले. खिशाला टेस्टर लावून फिरणारा माणूस! पण मला त्याचं काही नव्हतं. चूक कोणाचीही होते.

"ते सोडा," मी म्हटलं. "मिळाल्यावर का नाही सांगितलं?"

"रोज म्हणायचो, आज सांगतो. तू आलीस की राहून जायचा."

"माझी नोकरी गेली काका."

"नेट गेला म्हणून कोणाची नोकरी जाता, ह्या माका खराच वाटला नाय गो. आमच्या वेळी आठ-आठ दिवस लाइन बंद असायची. लोक शिव्या द्यायचे. पण कोणाचं काय जात नव्हतं."

"मी तुम्हाला शंभर वेळा सांगितलं होतं."

"होय. सांगितलं होतंस."

बाहेर कोणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, किका मारणं चाललं होतं. काका खाटेच्या कडेवर टेकले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "शनिवारी मिळाला. शनिवारीच सांगितलं असतं तर दोन मिनिटांत काम झालं असतं. मग तू सोमवारी आली असतीस?"

आले असते म्हणायला काही लागत नव्हतं. म्हातारा माणूस, समोर मान खाली घालून बसलेला. पण मला खोटं बोलायचं नव्हतं आणि दयाही करायची नव्हती.

"नसते आले," मी म्हटलं. "कशाला आले असते?"

त्यांनी मान हलवली. बरोबर आहे अशी. मग मात्र माझा तोल गेला. मी त्यांना नको नको ते बोलले. तुमच्या जवळ माणूस का टिकलं नाही ते आज कळलं, असंही बोलले. आवाज बाहेर गेला असणार. रजिस्टर जमिनीवर टाकून मी निघून आले. बोलले त्यातलं मी काही मागे घेत नाही.

केबलवाल्याला बोलावून डब्याची वायर जिन्याच्या मीटरवर घेतली. दहा मिनिटांचं काम. तेव्हापासून आजतागायत आमच्या बिल्डिंगचं नेट दिवसा एकदाही गेलेलं नाही.

दीड महिना मी त्यांच्या दारावरून मान वळवून जात राहिले. आई मात्र विचारायची. तिच्या पाच-सहा शब्दांत एक शब्द "काका" झाला होता. दारात पावलं वाजली की म्हणायची, "काका?" मी म्हणायचे, नाही आई, दूधवाला. नाही आई, कचरेवाली.

घरून करायचं काम परत मिळालं नाही. शेवटी अंधेरीला एका ऑफिसात जागा मिळाली. आठला निघायचं, यायला सात. आईसाठी एजन्सीकडून बाई आणली, ती चार दिवसांत गेली. दुसरी आईला सोडून गॅलरीत फोनवर बोलत बसायची. मग मागच्या चाळीतली एक मावशी आईचं आंघोळ-संडासचं बघायला तयार झाली, पण सकाळ-दुपार तासभरच. मधल्या वेळेत आईला ठसका लागला, पलंगावरून सरकली, तर? कोणीतरी जवळ हवं. मी सगळ्या बिल्डिंगची घरं डोक्यात मोजली. दिवसभर घरात असणारं, हाकेला जागं, आणि आई ज्याला ओळखते, ज्याच्यापुढे तिला वाकड्या तोंडाची लाज वाटत नाही, असं माणूस एकच होतं. दुसरं असतं तर मी त्याच्या पायावर डोकं ठेवलं असतं. नव्हतं.

रविवारी संध्याकाळी मी खाली जाऊन बेल वाजवली. त्यांनी दार उघडलं. बनियनवर होते. मला बघून गडबडले, म्हणाले, "काय गो, गेला परत?"

"नेट चालू आहे. उद्यापासून मी कामाला जातेय. आईजवळ कोणी नाही. आठ ते सात बसाल?"

"बसतंय की," ते म्हणाले. किती दिवस, कसं, काय, काहीही विचारलं नाही.

मी घराची किल्ली पुढे केली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली. तेव्हा त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला तो बघवेना. माझी नोकरी गेली, माझी आई दिवसभर माझ्याविना पडून राहणार, आणि या माणसाला हवं होतं ते घर मिळालं. ते मीच त्याच्या हातात ठेवत होते.

ते दोन वर्षं आले. एक दिवस चुकवला नाही. आईला पेपर वाचून दाखवला, तिला आणखी चार शब्द शिकवले, तिच्या हातून मटार सोलून घेतले. लोक म्हणतात ते खोटं नाही. रोज सातला मी आत शिरले की ते खुर्चीवरून उठायचे, किल्ली टेबलावर ठेवायचे आणि दाराशी जाऊन जरा घुटमळायचे, मी बसा म्हणेन म्हणून. मी कधीच म्हटलं नाही.